संगीताची आवड होती

कुरुंदवाडच्या एका तरुण माजी सैनिकाच्या निधनानंतर स्थानिक वर्तमानपत्रात दीडशे शब्दांचा मजकूर छापून आला. त्या मजकुराविषयी मला तक्रार करायची आहे. त्यात त्याची पलटण होती, हुद्दा होता, सेवेची सतरा वर्षे होती, कोणकोणत्या सरहद्दींवर तो राहिला ते होते, पश्चात कोण आहे तेही होते. शेवटून दुसरे वाक्य असे होते : 'त्यांना संगीताची आवड होती.' हा मजकूर मी लिहिलेला होता. तेव्हा पुढे जे म्हणणार आहे त्यातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे नाव येथे देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे.

तो विसाव्या वर्षाच्या आत भरती झाला आणि सदतिसाव्या वर्षी घरी परतला. पलटणीत मंदिर परेडला भजन असले की पेटीवर तो असे, आणि बडाखान्याच्या रात्री ढोलकी त्याच्याकडे येई. एवढे त्याच्या बरोबरीचे सगळेच सांगतात. ते सांगत नाहीत, कारण त्यांनाही ते नीट ठाऊक नव्हते, ते असे की हा माणूस दहा-बारा वर्षे चाली बांधत होता. तुकोबांच्या अभंगांना बांधलेल्या चाली होत्या, आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांना बांधलेल्या होत्या, आणि काही चालींना तर शब्दच नव्हते. सुरुवातीला तो त्या वहीत स्वरलिपीत उतरवून ठेवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही घरांत शिरल्या तेव्हा तो सरहद्दीवर होता आणि वह्या इथे ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंकेतून लगदा निघाला. त्यानंतर कागदावरचा त्याचा विश्वास उडाला आणि तो भ्रमणध्वनीवर गाऊन ठेवू लागला. निवृत्तीनंतर रात्रपाळीला पहारेकऱ्याची नोकरी होती, दिवसा पेटी होती. दोन वर्षांत आजाराने तो गेला. मागे साठ-सत्तर ध्वनिमुद्रणे राहिली.

हे सगळे मला मजकूर लिहिण्यापूर्वी माहीत होते. तरी मी 'आवड होती' असे लिहिले, आणि लिहिताना हात अडखळला नाही. का अडखळला नाही, हा या लेखाचा विषय आहे.

'आवड' हा शब्द वाईट नाही, पण तो घेणाऱ्याचा शब्द आहे, करणाऱ्याचा नाही. चहाची आवड असते, प्रवासाची असते, क्रिकेट पाहण्याची असते. मर्ढेकरांविषयी 'त्यांना कवितेची आवड होती' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हसू. आपल्या हसण्यात एक सिद्धान्त दडलेला असतो : जो रचतो त्याचे रचलेल्याशी असलेले नाते आवडीचे नसते, कर्तृत्वाचे असते. हाच सिद्धान्त शिपायाच्या बाबतीत आपण बिनदिक्कत गुंडाळून ठेवतो. त्याच्या कर्तृत्वाची जागा गणवेशाने आधीच भरलेली असते. एका माणसाला एकच कर्तृत्व, असा आपला हिशेब आहे. बाकी जे काही तो करतो त्याला छंद, आवड, विरंगुळा हे शब्द तयारच असतात.

शोकसभेतही तेच घडले. तिरंगा होता, पुष्पचक्र होते, माजी सैनिकांची रांग होती. भाषणांत देश होता, सीमा होती, गावाचा अभिमान होता. यातले काहीही खोटे नव्हते आणि काहीही अस्थानी नव्हते. पण ज्या खोलीत तो चाली बांधत असे तेथून त्याची पेटी दहा पावले आणून ठेवावी, किंवा त्याने गायलेले एखादे ध्वनिमुद्रण लावावे, हे कोणाला सुचले नाही. मलाही सुचले नाही. सभेच्या शेवटी ध्वनिक्षेपकावर चित्रपटातले एक देशभक्तिपर गीत लावण्यात आले. स्वतः संगीत रचणाऱ्या माणसाला आम्ही दुसऱ्याच्या गाण्याने निरोप दिला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. 'तुम्ही सुशिक्षित मंडळी,' असे मला कोणी म्हणेल, 'तुमच्याकडे प्रतिष्ठेचे दहा मार्ग आहेत. शेतात राबणाऱ्याच्या पोराला गावाने उठून नमस्कार करावा असा एकच मार्ग होता, तो म्हणजे गणवेश. त्या गणवेशाच्या मानात तुम्ही पेटी कशाला घुसवता?' शिरोळ तालुक्यातच टाकळी नावाचे गाव आहे. घरटी सैनिक देत आल्यामुळे त्याला 'सैनिक टाकळी' म्हणतात. साताऱ्याकडे 'अपशिंगे मिलिटरी' आहे. गावाच्या नावातच फौज यावी एवढी या प्रदेशाची आणि लष्कराची जवळीक आहे. तो मान कोणी कमी करू नये, आणि मी करत नाही. माझे म्हणणे एवढेच की मान देण्याच्या भरात आपण माणसाचा अर्धा भाग परत करत नाही. फौजेने त्याला सतरा वर्षे घेतले आणि जिवंत परत दिले. आपण त्याला कायमचा फौजेतच ठेवून दिला.

दुसरी चूक याच्या उलट आहे, आणि साहित्याच्या माणसांकडून ती होण्याची शक्यता अधिक. ती अशी : 'वरून शिपाई, पण आतून कलावंत.' म्हणजे बंदूक ही परिस्थितीने हातात दिलेली आणि पेटी ही खरी. गणवेशाच्या आत एक हळवा जीव कोंडलेला होता, वगैरे. हे वाचायला गोड लागते आणि ते साफ खोटे आहे. तो चांगला शिपाई होता आणि आपल्या नोकरीविषयी त्याला कसलाही संकोच नव्हता. उलट कवायतीने लय पक्की होते, असे तो म्हणे. शंभर माणसांचा पाय एकदम पडतो तेव्हा सम म्हणजे काय ते हाडांना कळते. त्याचे संगीत लष्कराच्या विरोधात उभे करून आपल्या शांततावादाची सोय लावणे, ही त्याची दुसऱ्यांदा केलेली फसवणूक ठरेल. लष्करातही संगीत नसते असे नाही. बिगुलावर दिवस उगवतो आणि बिगुलावरच मावळतो. कोल्हापूरचेच लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट' हे नाव दिले, म्हणजे पहाटेच्या बिगुलापासून संध्याकाळच्या बिगुलापर्यंत. साऱ्या आयुष्याचे नाव सांगायला एका सेनानीला दोन सुरावटी पुरल्या. पलटणीच्या बँडमधील वादक लढाईच्या वेळी स्ट्रेचर उचलतात, जखमींना मागे आणतात. तेच हात दोन्ही कामे करतात, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. विसंगती आपल्या डोक्यात आहे.

आणि ती कुरुंदवाडात असावी, हे तर अधिकच लाजिरवाणे आहे. या गावाचा इतिहास ज्याने ओझरता जरी वाचला असेल त्याला शस्त्र आणि सूर यांची येथे किती जुनी शेजारवस्ती आहे ते ठाऊक असते. पटवर्धनांचे हे संस्थान, म्हणजे पेशवाईतल्या एका लढवय्या घराण्याची गादी. सेनापती संताजी घोरपडे यांची म्हणून मानली जाणारी समाधी येथे नदीकाठी आहे. आणि याच गावात १८७२ साली कीर्तनकार दिगंबरबुवा पलुसकरांच्या घरी विष्णू नावाचा मुलगा जन्मला. शेजारच्या नरसोबाच्या वाडीच्या उत्सवात दारूकामाने त्याचे डोळे गेले नसते तर तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेलाही नसता, आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे राहिले नसते. हे आपण शाळेपासून सांगत आलो आहोत. आपण जे सांगत नाही ते असे : विष्णू दिगंबरांचे एक मोठे काम स्वरलिपीचे होते. गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाणारे गाणे कागदावर उतरवता येते आणि सामान्य माणसालाही ते वाचता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ज्या गावाने स्वरलिपीचा हा आग्रही प्रचारक दिला, त्या गावात एका शिपायाची बुडालेली वही पुन्हा लिहून काढायला एक माणूस पुढे आला नाही. जयंतीला मात्र आम्ही पलुसकरांच्या तसबिरीला हार घालतो.

विष्णुपंत छत्रे यांचे उदाहरण तर थेट आपल्या विषयाच्या दाराशी येऊन उभे राहते. ते अश्वविद्येतले पारंगत गृहस्थ. कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोड्यांना वळण लावण्याचे काम ते करीत. घोडदळाच्या लढाया संपल्यानंतर त्या लढायांमागच्या विद्येचे काय करायचे, या प्रश्नाला त्यांनी १८८० च्या सुमारास सर्कस काढून उत्तर दिले. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून त्यांची नोंद होते आणि ती योग्यच आहे. पण छत्रे ग्वाल्हेरीला हद्दूखाँसाहेबांकडे गाणे शिकले होते, गाण्याचा ध्यास त्यांनी जन्मभर सोडला नाही, आणि हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ भ्रमिष्ट अवस्थेत बनारसेत भटकत होते तेव्हा त्यांना शोधून, सांभाळून, आपल्याबरोबर घेऊन हिंडणारा माणूस हाच सर्कसवाला होता. १९०५ मध्ये छत्रे वारले; त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना सांभाळले. रहिमतखाँचे निधन १९२२ साली कुरुंदवाडातच झाले. भूगंधर्व म्हणून ज्याचे नाव घेतात त्या गवयाच्या आवाजाच्या ज्या काही तबकड्या आज उपलब्ध आहेत त्या असण्यामागे एका चाबूकस्वाराचे संगीतप्रेम आहे. छत्र्यांना 'संगीताची आवड होती' असे म्हणून हे प्रकरण मिटवता येईल का? येत नाही. तरी सर्कशीच्या इतिहासात ते एका वाक्याचे आणि संगीताच्या इतिहासात एका तळटीपेचे धनी होतात, कारण आपल्या इतिहासांच्या खोल्यांना मधली दारे नाहीत.

जवळच्या मिरजेत तर याचा पुरावा हातात घेऊन वाजवता येतो. तलवारींना धार लावणारे, हत्यारे घडवणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांची मागणी सरल्यावर सतारी आणि तंबोरे घडवू लागले. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव या बदलाशी जोडलेले आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून मिरजेत तंबोरे बनू लागले आणि देशभरचे गवई तेथे येऊ लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आडनाव अजून शिकलगार-सतारमेकर असे दोन्हीकडे पाय ठेवून आहे. शस्त्राचा कारागीर वाद्याचा कारागीर होतो तेव्हा त्याने जुने जीवन नाकारलेले नसते. हातातली कसब तीच असते, लोखंडाच्या जागी लाकूड आलेले असते. आपला शिपाई याच परंपरेतला होता. त्याला ती परंपरा सांगणारा कोणी भेटला नाही.

आता हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी आपल्या अंगाला लावून घ्यायला हवा, कारण शिपायाच्या संगीताची उपेक्षा फक्त गावच्या शोकसभेत होते असे नाही. ती आपल्या वाङ्मयेतिहासातही आहे. मराठी कवितेच्या इतिहासात पोवाड्याला मानाचे स्थान आहे. अफझलखानाच्या वधावर अग्निदासाने आणि सिंहगडावर तुळशीदासाने रचलेले पोवाडे आपण शिकवतो. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्याचे ऋण आपण मानतो. त्या संग्रहाच्या नावातच 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे' असे शब्द आहेत. म्हणजे गाणे कोणाविषयी आहे, हा प्रश्न गाणे कोणाचे आहे या प्रश्नाच्या आधी आला. तेव्हापासून तो आधीच राहिला आहे. शिपायाविषयीचे गाणे आपल्याला हवे असते. शिपायाचे गाणे नको असते. १९६२ च्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायलेल्या गीताने देशाचे डोळे ओले केले. चाल पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे आपल्याच सी. रामचंद्रांची. त्या चालीच्या थोरवीविषयी मला एक शब्दही उणा काढायचा नाही. पण त्या युद्धावर गेलेल्या मराठी मुलुखातल्या पोरांनी बराकीत, खंदकात, परतीच्या गाडीत काय गायले, याची नोंद कोणत्या ग्रंथालयात आहे? मी विचारले तेव्हा मला उत्तर मिळाले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत इंग्रज सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यावर मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत. परक्या सरकारने आपल्या माणसांना संख्या करून टाकले, असे आपण म्हणतो आणि बरोबर म्हणतो. पण स्वतंत्र देशातल्या आपल्या फलकांनी किती प्रगती केली? आकड्याच्या जागी नाव आले, नावापुढे हुद्दा आला, आणि तेथे आपण थांबलो. नाव कोरलेल्या माणसाला आवाज होता का, हे विचारायचे अजून बाकी आहे.

याच महाराष्ट्रात याचा उलट धडाही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या संग्रहाची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट संख्या नाही. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदवले गेले, ही आहे. तोवर 'लोक' या सामासिक शब्दात विरघळून गेलेल्या बायका कर्त्या म्हणून पुढे आल्या. ज्या दळणाला कोणी काम म्हणत नव्हते, त्या दळणावर रचलेले गाणे ज्यांनी कर्तृत्व म्हणून टिपले, त्यांनी आपल्याला पद्धत शिकवून ठेवली आहे. शिपायांच्या बाबतीत ती वापरायला कोणी मनाई केलेली नाही.

शिपाई आणि संगीत हे नाते घराण्याला किती खोलवर घडवते याचे एक उदाहरण आपल्यासमोर नेहमी असते, पण आपण ते या अंगाने पाहत नाही. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त झाले. कबीरपंथी घर; सांजसकाळ भजने, अभंग, दोहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रकारांनी या घरातल्या गायनाची नोंद घेतली आहे, पण ती 'धार्मिक संस्कार' या सदरात. एका निवृत्त सुभेदाराने आपल्या मुलांच्या कानांवर भाषा कोणत्या लयीत घातली, हा वाङ्मयाचाही प्रश्न आहे. तो धर्माच्या कपाटात बंद करून ठेवला की आपले काम सोपे होते.

ज्यांना हे सगळे भाबडे वाटत असेल त्यांनी जरा दूर पाहावे. फ्रेंच संगीतकार मोरिस रावेल पहिल्या महायुद्धात लष्करी वाहन चालवत होता. १९१७ मध्ये त्याने पियानोसाठी सहा भागांची एक रचना पुरी केली आणि तिचा प्रत्येक भाग युद्धात पडलेल्या मित्रांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या सहांतले तीन भाग चक्क नृत्याचे आहेत. शोकगीत लिहिण्याऐवजी त्याने मित्रांसाठी नाचाच्या चाली लिहिल्या, कारण त्याला ते मित्र मेलेले म्हणून नव्हे, जगलेले म्हणून आठवायचे होते. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्स्टाइन साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो; त्याचा भाऊ पाउल पियानोवादक होता आणि १९१४ मध्ये त्याने युद्धात उजवा हात गमावला. त्या तरुण सैनिकाला 'शूर अपंग' म्हणून सत्कारात बसवून ठेवता आले असते. त्याने संगीतकारांकडे जाऊन केवळ डाव्या हाताने वाजवायच्या रचना मागितल्या, आणि रावेलने त्याच्यासाठी लिहिलेला कॉन्चेर्तो १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजला. इंग्लंडमध्ये जॉर्ज बटरवर्थ १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्याच्या थोड्याशा रचना आजही वाजतात. आयव्हर गर्नी हा कवी आणि संगीतकार युद्धातून परतला, पण १९२२ पासून १९३७ पर्यंत, मरेपर्यंत, वेड्यांच्या इस्पितळात राहिला. त्याची हस्तलिखिते मॅरियन स्कॉट नावाच्या एका मैत्रिणीने जपून ठेवली. ती तिने जपली नसती तर इंग्रजी गीतपरंपरेत गर्नी नावाचा कोणी झाला होता हे कळायला मार्ग नव्हता. प्रतिभा होती की नव्हती हा वाद नंतरचा आहे. आधी कोणीतरी कागद जपावे लागतात.

येथे मला तिसरा आक्षेप ऐकू येतो : 'तुमचा शिपाई गर्नी होता का?' मला माहीत नाही. साठ-सत्तर ध्वनिमुद्रणांपैकी मी वीसेक ऐकली आहेत. काही चाली भजनी मंडळाच्या ओळखीच्या वाटेने जातात, काही अर्धवट आहेत, तीन-चार ऐकून मी थांबलो आणि पुन्हा लावल्या. पण हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ऐकल्यानंतर येतो. न ऐकताच 'आवड' असा निकाल देणाऱ्याला गुणवत्तेची भाषा बोलता येत नाही. शिवाय स्मरणाची अट थोरवी ही असेल तर आपण कोणाचेच स्मरण करू नये. जो उत्तम शिपाई नव्हता त्याच्याही फोटोला आपण हार घालतोच की.

उलट, संगीतकार थोर झाला की आपण दुसरे अर्धे टाकून देतो. मदन मोहन १९४३ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, सैन्यात सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. युद्ध संपेपर्यंत दोन वर्षे राहिले. म्हणजे विशीतच हा तरुण माजी सैनिक होता. मग लखनौ आकाशवाणी, मग मुंबई, आणि १९७५ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी मृत्यू. त्यांच्या गझलांवर मराठी रसिकांनी पानेच्या पाने लिहिली. त्यांच्या सैन्यातल्या दोन वर्षांना आपण चरित्रातली एक ओळ देतो आणि पुढे सरकतो. म्हणजे लहान माणसाचे संगीत 'आवड' होते आणि मोठ्या माणसाची शिपाईगिरी 'योगायोग' होते. आपल्याला दोन्ही एकत्र धरता येत नाहीत. धरण्याची सवयच नाही.

ही सवय लवकर लावून घ्यावी लागेल. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. सतरा-अठरा ते एकवीस-तेवीस या वयात भरती, चार वर्षे सेवा, आणि मूळ योजनेप्रमाणे त्यांतले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास पुरी होतात. योजना योग्य की अयोग्य हा वाद येथे घालत नाही. पण त्यातून एक गोष्ट अटळ आहे : पूर्वी पस्तिशी-चाळिशीत दिसणारा माजी सैनिक आता पंचविशीच्या आत दिसू लागेल, आणि त्याच्यापुढे पन्नास वर्षांचे आयुष्य असेल. या पन्नास वर्षांत तो पहारेकरी असेल, शेतकरी असेल, दुकानदार असेल, आणि त्यांतला एखादा चाली बांधत असेल, कविता लिहीत असेल. त्याला आपण पन्नास वर्षे 'माजी' म्हणणार आहोत का?

मी कोणा सरकारी कचेरीकडे मागणी करत नाही. मागणी आपल्याकडे आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. या भागातल्या प्रत्येक तालुक्यात मराठीचे वर्ग भरतात. दरवर्षी प्रकल्पाच्या नावाखाली आपण विद्यार्थ्यांकडून त्याच सात-आठ कादंबऱ्यांची सारांशवजा प्रकरणे लिहून घेतो. त्याऐवजी एका वर्षी एका वर्गाने सैनिक टाकळीत, कुरुंदवाडात, आपापल्या गावात जाऊन निवृत्त सैनिकांना एकच प्रश्न विचारावा : 'तिकडे काय गात होता?' गाणे ध्वनिमुद्रित करावे, शब्द उतरवावेत, चाल कोणाची ते विचारावे, आणि गाणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने गाण्याबरोबर लिहावे. 'तुमच्या शौर्याची एखादी आठवण सांगा' असे म्हणू नये. ती आठवण त्यांनी शंभरदा सांगितलेली असते आणि ती आपल्यालाच ऐकायची असते. जे मिळेल त्यातले पुष्कळ चित्रपटगीतांचे अनुकरण असेल, काही अश्लील असेल, काही सामान्य असेल. राईरकर-पॉइटव्हँ यांनी जात्याजवळ बसताना आधी गुणवत्तेची चाळणी लावली नव्हती.

आणि ज्यांना एवढे करता येणार नाही त्यांनी किमान मृत्युलेख लिहिताना क्रियापद नीट वापरावे. माझ्या मजकुराची दुरुस्ती मी येथे करतो, कारण वर्तमानपत्र दोन वर्षांपूर्वीच्या मजकुराची दुरुस्ती छापत नाही. 'त्यांना संगीताची आवड होती' हे वाक्य रद्द समजावे. त्या जागी असे वाचावे : 'ते चाली रचत. त्यांनी रचलेल्या साठाहून अधिक चाली त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. त्यांपैकी काहींची स्वरलिपी तयार होत आहे.'

शेवटचे वाक्य लिहून मी स्वतःला बांधून घेतले आहे. पहिल्या तीन चालींची स्वरलिपी मिरजेच्या एका पेटीवादक मित्राबरोबर बसून झाली. चौथी अवघड आहे. ध्वनिमुद्रणात मध्येच कुकरची शिट्टी होते, तो हसतो, 'थांब जरा' असे कोणाला तरी म्हणतो आणि पुन्हा अंतऱ्यापासून उचलतो. पण या वेळी कोमल निषाद लावतो, आधी शुद्ध होता. दोन्हींतला कोणता त्याला हवा होता, ते अजून ठरत नाही. आम्ही दोन्ही लिहून ठेवले आहेत.